जीपवाले आणि छावे : एका बंद पडलेल्या क्लबच्या निमित्ताने

एखाद्या संस्थेचा इतिहास लिहिण्याजोगा आहे की नाही, हे कोण ठरवते? प्रश्न वरवर साधा आहे. पण मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हां दोघांना तो अलीकडे अस्वस्थ करू लागला आहे आणि या अस्वस्थतेच्या मुळाशी आमची स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगून टाकणे बरे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे एक विद्यार्थी होता. वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातल्या इंझोरी गावचा. लघुप्रबंधाचा विषय ठरवण्यासाठी तो आमच्यापुढे बसला तेव्हा त्याच्या हातात लाल बांधणीची एक जाड जमाखर्चाची वही होती. ती होती गावातल्या कबड्डी मंडळाची. कोणत्या वर्षी कुणी किती वर्गणी दिली, खुल्या सामन्यांना कोणकोणत्या गावांचे संघ आले, पंचांना किती मानधन दिले, जेवणाला किती तूरडाळ लागली, कोणाच्या मोडलेल्या हाताच्या उपचाराला मंडळाने किती रुपये काढले, अशा नोंदी तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत तिच्यात होत्या. त्याला या मंडळाचा इतिहास लिहायचा होता. आम्ही वही चाळली, कौतुक केले आणि मग एकमेकांकडे पाहून त्याला विचारले, ‘पण याचा साहित्याशी संबंध काय?’ त्याच्यापाशी उत्तर नव्हते. खरे तर ते शोधण्यास त्याला मदत करणे हेच आमचे काम होते. पुढे आम्ही सुचवल्याप्रमाणे त्याने ग्रामीण कथेतील स्त्रीचित्रणावर साठ पाने लिहिली आणि तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला.

मागच्या हंगामातले सोयाबीन निघाल्यानंतर त्याच्या घरच्या एका कार्यासाठी आम्ही इंझोरीला गेलो. बोलता बोलता वहीची आठवण निघाली. त्याचे काका म्हणाले, ‘ते वही तं गेली ना सर. जुनं घर पाडलं तवा तिकडं कोनाचं ध्यानच नाई गेलं.’ घरामागच्या मोकळ्या झालेल्या वावरात मुले फुटबॉल खेळत होती. एकाच्या पाठीवर एम्बापेचे नाव आणि छातीवर पॅरिसच्या क्लबचे चिन्ह होते. आम्ही त्या नावाविषयी विचारताच तो आम्हांला सुधारत म्हणाला, ‘सर, तो आता तिथं नाई. माद्रिदले गेला.’ तो क्लब १९७० साली स्थापन झाला, २०११ मध्ये कतारच्या मालकीचा झाला आणि २०२५ मध्ये प्रथमच युरोपचा विजेता ठरला, हे सारे त्याला मोबाइलमुळे मुखोद्गत होते. आपल्याच गावच्या कबड्डी मंडळात पूर्वी कोण खेळत असे, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. त्या मुलाला दोष देण्याचे कारण नाही. दूरच्या क्लबचा इतिहास कुणीतरी लिहून, सांगून, दाखवून ठेवला आहे. जवळच्या मंडळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला मात्र आम्ही परतवून लावले होते.

‘साहित्याशी संबंध काय’ हा आमचा प्रश्न किती पोकळ होता, हे कळण्यासाठी आमचाच अभ्यासक्रम पुरेसा होता. मराठी नाटकाचा इतिहास शिकवताना आपण नाटक मंडळ्यांचा इतिहास शिकवतो. १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारी किर्लोस्कर मंडळी आणि तिच्यातून फुटून १९१३ मध्ये उभी राहिलेली गंधर्व नाटक मंडळी यांची माहिती विद्यार्थ्यांना असते. भागीदारी कशी झाली, भांडणे कशी झाली, कर्ज कसे वाढले, बिऱ्हाड कोणत्या गावी होते, हे सारे आपण साहित्येतिहासाचा भाग मानतो. गणपतराव बोडसांचे ‘माझी भूमिका’ हे आत्मचरित्र आपण संदर्भ म्हणून वाचायला सांगतो. त्या मंडळ्यांचा एकही प्रयोग आज कुणालाही पाहता येत नाही. जे उरले आहे ते आठवणींत, जाहिरातींत, पत्रव्यवहारात आणि हिशेबाच्या कागदांत. मग संध्याकाळी मैदानावर रंगून रात्री संपणारा सामना आणि तो उभा करणारी मंडळी यांना वेगळा न्याय का? दोन्हीकडे माणसे एकत्र येतात, पैसा जमवतात, गावोगाव फिरतात, प्रेक्षकांसमोर स्वतःला पणाला लावतात आणि मागे काही ठेवत नाहीत. नाटकाची संहिता तरी उरते, असे कुणी म्हणेल. पण म्हणूनच जिथे संहिता नाही तिथे नोंद अधिक महत्त्वाची ठरते.

इंझोरीहून परतताना आम्ही काळी-पिवळीत बसलो होतो. आमच्या भागात एसटीची वाट न पाहणाऱ्यांचा हाच आधार. गाडी महिंद्राची होती आणि वाटेत उभे असलेले ट्रॅक्टरही बहुतांशी त्याच कंपनीचे. महिंद्र हे नाव आमच्याकडे शेतकऱ्याच्या आणि चालकाच्या तोंडी इतके रुळलेले आहे की ते एखाद्या मुंबईकर कारखानदाराचे नाव आहे, हेही विसरले गेले आहे. या कंपनीचा एक फुटबॉल क्लब होता, तो भारताचा विजेता झाला होता आणि त्याच्या खेळाडूंना क्रीडापत्रकार ‘जीपमेन’, म्हणजे जीपवाले, म्हणत असत, ही गोष्ट त्या गाडीतल्या कुणालाही ठाऊक नव्हती. आम्हांलाही काही महिन्यांपूर्वीपर्यंत ती धूसरच ठाऊक होती. वहीचा विषय डोक्यात असल्यामुळे आम्ही त्या क्लबविषयी वाचू लागलो आणि प्रस्तुत लेख त्यातून उद्भवला.

या क्लबची स्थापना १९६२ ची. त्या काळी मुंबईच्या मैदानांवर गिरण्या, बँका, रेल्वे, विमान कंपन्या आणि कारखाने यांचे संघ खेळत. टाटा, मफतलाल, पुढे ऑर्के मिल्स, एअर इंडिया ही नावे जुन्या प्रेक्षकांना आठवतील. खेळाडूला कंपनीत नोकरी, खेळासाठी सवलत आणि निवृत्तीपर्यंतची शाश्वती, असा तो व्यवहार होता. कबड्डीतही हेच चालत आले आहे. गावाकडचा चपळ चढाईपटू कंपनीच्या संघात गेला की घराचे दैन्य फिटले, असा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांच्या घरोघरी अजूनही मांडला जातो. कंपनीच्या संघाकडे पाहण्याची मराठी माणसाची दृष्टी ही अशी नोकरीची दृष्टी आहे. ती समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत काय पडते ते पुढे दिसेल.

नव्वदच्या दशकात चित्र पालटले. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि कार्यालयीन संघांना व्यावसायिक क्लब होणे भाग पडू लागले. १९९८ मध्ये महिंद्रने ड्युरँड करंडक जिंकला. २००० मध्ये क्लबने ‘महिंद्र युनायटेड’ हे नाव धारण केले. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ मध्ये फेडरेशन चषक. २००५ मध्ये फेडरेशन चषक दुसऱ्यांदा आला आणि त्याच हंगामात, २००५-०६ मध्ये, गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक असताना संघाने राष्ट्रीय लीग जिंकली. ही लीग २००७ पर्यंत चालली. कोलकाता, गोवा आणि पंजाब यांच्याबाहेर ती गेली ती एवढीच एकदा, आणि तीही महाराष्ट्रात. २००७ मध्ये संघ आशियाई स्पर्धेत, एएफसी चषकात, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. २००८ मध्ये तिसरा ड्युरँड. स्टीव्हन डायससारखा मुंबईचा खेळाडू आणि घानाचा युसिफ याकुबू एकाच संघातून कूपरेजच्या मैदानावर खेळत. याच क्लबकडून पूर्वी खेळलेले खालिद जमील २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

आणि २००९-१० चा हंगाम संपला तेव्हा क्लबही संपला. शालेय पातळीवरील फुटबॉलकडे लक्ष वळवायचे, असे कारण कंपनीने दिले. कारण वाईट नव्हते. क्लब कंपनीचा होता, पैसा कंपनीचा होता, निर्णयही कंपनीचा. म्हणून आम्हांला कंपनीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. आम्हांला खटकते ती वेगळीच गोष्ट. अठ्ठेचाळीस वर्षांची एक संस्था, जी चार वर्षांपूर्वी देशात अव्वल होती, ती मिटली आणि मराठी सांस्कृतिक जीवनात त्याचा ओरखडाही उमटला नाही. एखादे जुने नाट्यगृह पाडायचे ठरले तर आपण परिसंवाद घेतो, एखादे मासिक बंद पडले तर विशेषांक काढतो. या क्लबविषयी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक पुस्तक नाही, की वाङ्मयीन नियतकालिकांच्या बांधीव खंडांत एक टिपण नाही.

हा एकट्या महिंद्रचा प्रश्न असता तर तो अपवाद म्हणून सोडून दिला असता. पण यादी वाढत गेली. पुण्याचा भारत एफसी २०१५ मध्ये एकाच हंगामानंतर मिटला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या पुणे एफसीचा वरिष्ठ संघही त्याच सुमारास थांबला. डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी २०१७ नंतर दिसले नाहीत. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये विसर्जित झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. दहा वर्षांत सहा क्लब! प्रत्येकाची कारणे निराळी होती, मालक निराळे होते. पण प्रत्येक वेळी एक गोष्ट सारखीच घडली : मालकाने हात काढून घेतला आणि ‘हे आमचेही आहे’ असे ठामपणे म्हणणारे पुरेसे कुणी पुढे आले नाही.

असे म्हणणारे लोक कुठे असतात? इथे आम्हांला मोटारींच्याच दुसऱ्या एका कारखान्याची गोष्ट सांगावीशी वाटते. फ्रान्सच्या पूर्व भागात, मोंबेलियार शहराला लागून सोशो नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम चार हजारांची. तिथे प्यूजो कंपनीचा प्रचंड कारखाना आहे. १९२८ मध्ये झाँ-पिएर प्यूजो यांनी कारखान्याचा फुटबॉल क्लब काढला. त्या काळी फ्रान्समध्ये खेळाडूला उघडपणे पगार देणे मान्य नव्हते. छुपे व्यवहार चालत. प्यूजोंनी ते उघड्यावर आणले, चांगले खेळाडू पगारावर घेतले आणि निमंत्रित संघांची एक स्पर्धा भरवून आपल्या संघाची ताकद दाखवली. व्यावसायिकतेच्या बाजूने जो रेटा तयार झाला त्यात या क्लबचा वाटा मोठा होता. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली. सोशोने १९३५ आणि १९३८ मध्ये ती जिंकली, १९३७ मध्ये फ्रेंच चषक जिंकला. कंपनीच्या चिन्हावर सिंह होता म्हणून या संघाला लोक सिंहाचे छावे म्हणू लागले. आपल्याकडे जीपवाले, तिकडे छावे : दोन्ही नावे कारखान्याच्या फाटकातूनच बाहेर पडली.

या इतिहासाला गोड रंग देण्याची आमची इच्छा नाही. कामगाराने रविवारी सभेला जाण्यापेक्षा मैदानावर यावे, ही मालकांची सोय अशा क्लबांच्या मागे असतेच. त्याच सोशोच्या कारखान्यात ११ जून १९६८ रोजी संपाच्या काळात पोलिसांशी झालेल्या संघर्षात दोन कामगार मृत्युमुखी पडले. मैदान आणि फाटक यांच्यामध्ये इतके अंतर कधीच नव्हते की एकाचा इतिहास दुसऱ्याशिवाय लिहिता यावा. क्लबच्या मैदानाला ज्यांचे नाव आहे ते ऑग्युस्त बोनाल कारखान्याच्या क्रीडाविभागाचे प्रमुख होते. जर्मन ताब्याच्या काळात त्यांना पकडून नेण्यात आले आणि १९४५ मध्ये ठार मारण्यात आले. म्हणजे सामन्याला जाणारा तिथला शाळकरी मुलगा ‘बोनालला चाललो’ असे म्हणतो तेव्हा नकळत एका हुतात्म्याचे नाव घेतो. गावाची वस्ती चार हजार आणि त्या मैदानाची क्षमता सुमारे वीस हजार, हे प्रमाणही बोलके आहे.

पुढे चढउतार झाले. १९८१ मध्ये युरोपीय स्पर्धेची उपांत्य फेरी, २००७ मध्ये मार्सेलला हरवून सत्तर वर्षांनी पुन्हा फ्रेंच चषक. २०१४ मध्ये संघ पहिल्या श्रेणीतून घसरला आणि २०१५ मध्ये प्यूजोने क्लब विकला. सत्त्याऐंशी वर्षांचे नाते संपले. क्लब चिनी गुंतवणूकदारांच्या हाती गेला, २०२० मध्ये तो आणखी एका चिनी समूहाकडे आला आणि २०२३ च्या उन्हाळ्यात पैशाचा पुरवठा थांबला. हिशेब तपासणाऱ्या मंडळाने क्लबला तिसऱ्या श्रेणीत ढकलले. व्यावसायिक क्लब म्हणून तो संपणार, हे जवळजवळ ठरले होते.

इथपर्यंत त्या गोष्टीत आणि आपल्या गोष्टीत फरक नाही. फरक पुढे आहे. प्रेक्षकांची ‘सोसिओशो’ नावाची संघटना तिथे होती. तिने सामान्य माणसांकडून पैसे गोळा केले. आपल्या भाषेत सांगायचे तर वर्गणी काढली. क्लबचे माजी अध्यक्ष झाँ-क्लोद प्लेसिस पुढे झाले, परिसरातले उद्योजक आणि स्थानिक संस्था त्यांना मिळाल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये क्लब वाचला. तिसऱ्या श्रेणीत का होईना, पिवळ्या-निळ्या रंगाचे छावे बोनालवर पुन्हा उतरले.

वर्गणी काढण्यात मराठी माणूस कुणाला हार जाणारा नाही. गणपतीची, पारायणाची, मंदिराच्या कळसाची वर्गणी आमच्या गावोगाव निघते. इंझोरीच्या त्या वहीत तर कबड्डीच्या वर्गणीची पानेच्या पाने होती. तेव्हा आपल्याकडे देण्याची वृत्ती नाही, हे कारण टिकत नाही. वर्गणी निघते ती मात्र आपल्या मानलेल्या गोष्टीसाठी. आणि गोष्ट आपली कधी वाटते? ती आपल्याला सांगितली गेलेली असते तेव्हा. सोशोच्या आजोबाने नातवाला १९३८ चा संघ सांगितला, बापाने १९८१ चा सांगितला, मैदानाच्या नावाने युद्ध सांगितले. कागदोपत्री मालकी कंपनीची होती, कथेची मालकी गावाची होती. कागदाची मालकी हस्तांतरित होत गेली तरी कथा गावातच राहिली, आणि शेवटच्या घडीला तिनेच लोकांना खिशात हात घालायला लावले, असे आम्हांला वाटते.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की फुटबॉल हा मराठी माणसाचा खेळच नव्हे. आपले खेळ कबड्डी, खो-खो, मल्लखांब, कुस्ती आणि अंगवळणी पडलेला क्रिकेट. या आक्षेपाला कोल्हापूर हे उत्तर आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालीम मंडळे, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तिथल्या फुटबॉल संघांची नावे आहेत. कुस्तीच्या तालमीने फुटबॉलला आपल्या घरात घेतले आणि पेठेने त्याला आपले नाव दिले. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असतो तेव्हा दोन पेठा समोरासमोर बसलेल्या असतात. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा यजमान संघात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. कोल्हापुरातही सारे आलबेल आहे असे नाही. बाहेरचे आणि परदेशी खेळाडू आणण्याची चढाओढ, त्यावर होणारा खर्च, प्रेक्षकांतील हाणामाऱ्या आणि त्यामुळे थांबलेले सामने यांची चर्चा तिथले जाणते लोक स्वतःच करतात. पण तालीम कुणा एका मालकाची नाही. त्यामुळे तिचा संघ एका सकाळी पत्रक काढून बंद करता येत नाही. व्यावसायिकतेत मागे असलेले हे संघ टिकून आहेत आणि व्यावसायिकतेत पुढे असलेले सहा क्लब गेले, यावर आपण अद्याप पुरेसा विचार केलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. पुस्तके लिहून क्लब वाचतात काय? गोव्याचे उदाहरण देऊन कुणी विचारेल की तिथे तर फुटबॉलचे प्रेम घराघरांत आहे. डेंपो स्पोर्ट्‌स क्लबने राष्ट्रीय लीग आणि नंतरची आय-लीग मिळून पाच वेळा जिंकली. तरीही २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनीही आय-लीगमधून माघार घेतलीच ना? घेतली. प्रेम आणि स्मरण यांनी ताळेबंद जुळत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण एक भेद लक्षात घ्यावा. डेंपो त्या स्पर्धेतून बाहेर पडला तरी गोव्याच्या स्थानिक स्पर्धेत खेळत राहिला आणि काही वर्षांनी खालच्या पायरीवरून चढत २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये परतला. ज्याला परत यायचे असते त्याला परतण्यासाठी एक घर लागते. महिंद्र युनायटेडला मुंबईत मैदान होते, चषक होते, उत्तम खेळाडू होते. आठवण ठेवणारे घर मात्र मुंबईने, आणि व्यापक अर्थाने मराठीने, त्याला दिले नाही. इतिहासलेखनाने क्लब वाचेलच असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याची कथाच नाही ते वाचवावेसे तरी कुणाला वाटावे?

मराठीत खेळावर लेखन नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्याहून व्यायामज्ञानकोशाचे खंड काढले. वि. वि. करमरकरांनी वृत्तपत्रातील खेळाच्या पानाला प्रतिष्ठा दिली. बाळ ज. पंडितांनी क्रिकेटच्या समालोचनाला मराठी बोली दिली. द्वारकानाथ संझगिरींनी क्रिकेटवर वाचकप्रिय लेखन केले. पण हे लेखन मुख्यतः खेळाचे किंवा खेळाडूचे आहे. मंडळ, संघ, क्लब हा जो मधला सामूहिक जीव आहे, त्याचे चरित्र लिहिण्याची सवय आपल्याला लागली नाही. आणि विद्यापीठीय मराठी विभागांनी तर या साऱ्याकडे पाठच फिरवली. ज्या आल्बेर काम्यूच्या कादंबरीवर आम्ही तौलनिक साहित्याच्या तासाला तावातावाने बोलतो, तो तरुणपणी अल्जीयर्समधील विद्यापीठीय क्लबचा गोलरक्षक होता. क्षयामुळे त्याचा खेळ सुटला. पुढे लेखक म्हणून नाव झाल्यावर, १९५३ मध्ये, त्याने त्या क्लबच्या पत्रकासाठी लेख लिहिला आणि नीतीविषयी आपल्याला जे कळले त्याचे ऋण त्या मैदानाला दिले. चारच वर्षांनी त्याला नोबेल मिळाले. क्लबच्या पत्रकात लिहिणे त्याला कमीपणाचे वाटले नाही. आम्हांला मात्र विद्यार्थ्याच्या हातातली वही कमीपणाची वाटली.

म्हणून आमचे म्हणणे आता स्पष्टपणे मांडतो. पदव्युत्तर वर्गातील लघुप्रबंधांना गावातल्या, पेठेतल्या, कारखान्यातल्या क्रीडामंडळाचा इतिहास हा विषय म्हणून मान्य झाला पाहिजे. तो शारीरिक शिक्षण विभागाकडे ढकलून चालणार नाही, कारण तिथे खेळाचे तंत्र आणि खेळाडूची क्षमता यांचा अभ्यास होतो. भाषा, कथन आणि स्मृती हे आपले क्षेत्र आहे. सामन्याचे निवेदन करणाऱ्याची वऱ्हाडी, संघांना दिलेली देवांची आणि वीरांची नावे, पराभवानंतर रचल्या जाणाऱ्या दंतकथा, वर्गणीच्या पावतीवरची भाषा, बक्षिसाच्या ढालीवर कोरलेली मृतांची नावे, मंडळात कोणत्या जातीची मुले होती आणि कोणती नव्हती, मुलींना मैदान केव्हा मिळाले आणि कोणाच्या विरोधातून मिळाले : यांतले काय आपल्या कक्षेबाहेरचे आहे? शेवटच्या दोन प्रश्नांमुळे तर असा इतिहास निव्वळ गौरवग्रंथ होण्यापासून वाचेल. स्मरणिका काढण्यात आपण पटाईत आहोत. तिच्यात अध्यक्षांचे छायाचित्र असते, आमदारांचा संदेश असतो आणि जमाखर्चाच्या वहीतले काहीच नसते. आम्हांला अपेक्षित आहे ते स्मरणिकेच्या नेमके उलट.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही इंझोरीतच, निरोप घेताना, हे सारे बोलून दाखवले. आता तो स्वतः शिक्षक आहे. तो म्हणाला, ‘सर, मॅडम, वहीच नाही तर आता लिहायचं कशावरून?’ आम्ही म्हटले की वहीत ज्यांची नावे होती त्यांतले काही जण तरी गावात असतील. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने बोटे मोडत सात नावे घेतली. त्यांतले दोघे मुंबईला गेले होते, एक पुण्याला होता, चौघे तिथेच होते आणि त्या चौघांतला एक त्या दिवशीच्या जेवणाच्या पंगतीत वाढत होता.

दिवाळीनंतरच्या सुट्टीत त्याने त्या चौघांकडे जाऊन बसायचे आणि ऐकलेले जसेच्या तसे वऱ्हाडीत उतरवून घ्यायचे, असे ठरले आहे. पहिली चाळीस पाने झाली की आम्ही ती वाचणार आहोत. या वेळी साहित्याशी संबंध काय, हे त्याला विचारणार नाही.